"मामा, शंकरदेव येतच नाही!": एज ऑफ एम्पायर्स २ मधले अडलेले ट्रिगर

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आठ दिवस आमच्याकडे होता आणि त्या आठ दिवसांत हे वाक्य मी निदान पंधरा वेळा ऐकलं. तो पुढच्या खोलीत लॅपटॉपवर एज ऑफ एम्पायर्स २ या युद्धाच्या गेममधला, मीच बनवलेला देवगिरीचा सिनारिओ (म्हणजे नकाशा आणि त्यावर घडणारी गोष्ट) खेळायचा आणि मी आत काहीतरी करत असायचो. मग हाक यायची. कधी शंकरदेव येत नसे, कधी येऊन नुसता उभा राही, एकदा तर येऊन बापाच्याच किल्ल्यावर चाल करून गेला.

ज्यांनी एज ऑफ एम्पायर्स २ च्या एडिटरमध्ये स्वतःचा सिनारिओ बनवायचा प्रयत्न केलाय त्यांना ही कहाणी पाठ असेल. नकाशा दोन दिवसांत होतो. डोंगर चढवले, जंगल टाकलं, तटबंदी ओढली, सगळं झकास. मग ट्रिगर, म्हणजे "अमुक झालं (कंडिशन) की तमुक कर (इफेक्ट)" असे नियम, लिहायला बसलं की महिना जातो आणि शेवटी माणूस "गेममध्येच बग आहे" म्हणून फाइल सोडून देतो. माझ्या अशा तीन फाइली पडून आहेत. या वेळी मात्र हट्टानं एकेक गाठ सोडवत गेलो. नेमकं काय अडलं आणि कसं सापडलं ते लिहून ठेवतो. मी डेफिनिटिव्ह एडिशन वापरतो, म्हणजे २०१९ ची आवृत्ती. मूळ गेम १९९९ चा आणि ट्रिगरची मुळं तिथलीच, त्यामुळे यातलं बरंचसं जुन्या आवृत्तीलाही लागू पडेल.

आधी सिनारिओ थोडक्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. साल १२९६. कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी, अजून सुलतान झालेला नाही, आपल्या चुलत्याला पत्ता लागू न देता घोडदळ घेऊन दख्खनेत उतरतो. देवगिरीचा राजा रामदेवराय बेसावध आहे, मुख्य फौज मुलगा शंकरदेव याच्यासोबत बाहेर. राजा किल्ल्यात शिरून दारं लावून घेतो. किल्ल्यात धान्याची म्हणून घाईघाईनं आणलेली पोती निघतात मिठाची, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची. तहाची बोलणी चालू असताना शंकरदेव परततो आणि बापानं नको म्हटलेलं असतानाही लढतो. लढाई यादवांच्या बाजूला झुकत असते. तेवढ्यात किल्ल्यापाशी ठेवलेला मलिक नुसरत आपले हजार स्वार घेऊन येतो, आणि धुळीत नीट दिसत नसल्यानं यादवांना वाटतं की दिल्लीची मोठी फौज आली. ती येणार अशी आवई अलाउद्दीननं आधीच उठवून ठेवलेली असते. फौज फुटते. फिरिश्ता या इतिहासकारानं हे असं सांगितलंय. त्यानं हे तीनशे वर्षांनंतर लिहिलं, तेव्हा मिठाच्या पोत्यांवर किती विश्वास ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण ट्रिगर लिहिणाऱ्याला याहून चांगली गोष्ट मिळणार नाही. हिच्यात सगळं काही "अमुक झालं की तमुक" आहे.

खेळाडू १ रामदेव, म्हणजे आपण. २ अलाउद्दीन. ३ शंकरदेव. ४ नुसरत. फिरिश्ता अलाउद्दीनचे आठ हजार स्वार सांगतो. मी पन्नासाला एक असं प्रमाण धरलं, म्हणजे गेममध्ये १६० स्वार आणि नुसरतचे २०. यादवांना कुठली संस्कृती द्यायची हा वेगळाच वाद आहे. गेमच्या २०२२ च्या भारतीय पॅकमध्ये हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे चार तुकडे पडले आणि आपले यादव कुठेच नीट बसत नाहीत. मी गुर्जर घेतले. शिव्या खायला तयार आहे.

आधी दिवे लावा

"ट्रिगर चालत नाही" म्हणणं म्हणजे डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगणं. ट्रिगर सुटलाच नाही, की सुटला पण त्याचं काम कुठे दिसलं नाही, हे आधी कळायला हवं. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि नुसतं बघून फरक कळत नाही, कारण दोन्ही वेळा पडद्यावर शंकरदेव नसतो.

म्हणून मी प्रत्येक ट्रिगरमध्ये अगदी पहिला इफेक्ट चॅट पाठवण्याचा टाकतो. मजकूर एवढाच: "७ सुटला". इफेक्ट वरून खाली क्रमानं होतात, त्यामुळे हा दिवा सगळ्यांच्या वर हवा. दिवा लागला आणि फौज दिसली नाही, तर दोष इफेक्टमध्ये. दिवाच लागला नाही, तर दोष कंडिशनमध्ये किंवा ट्रिगर मुळात चालूच नव्हता. या एका सवयीनं माझं निम्मं काम झालं. सिनारिओ लोकांना देताना दिवे काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो आणि ऐन लढाईत "१९ सुटला" असं रामदेवाच्या नावानं पडद्यावर आलं.

माझ्या शंकरदेवाच्या ट्रिगरला तीन कंडिशन होत्या: ३०० सेकंदांचा टायमर, रामदेव किल्ल्यात असणं आणि दरवाजासमोरच्या चौकोनात अलाउद्दीनचे निदान दहा लाइट कॅव्हलरी असणं. एका ट्रिगरमधल्या साध्या कंडिशन सगळ्याच्या सगळ्या एकाच क्षणी खऱ्या असाव्या लागतात. दिवा लागत नव्हता. आता यातली कुठली अडली?

इथे अंदाज बांधत बसू नका. त्या ट्रिगरच्या तीन प्रती केल्या, प्रत्येकीत एकच कंडिशन ठेवली आणि इफेक्ट म्हणून फक्त चॅट: "टायमर", "राजा", "स्वार". एडिटरमधूनच टेस्ट लावली. "टायमर" आला. बाकी दोघांचा पत्ता नाही. म्हणजे एक नव्हे, दोन कंडिशन अडल्या होत्या. गेले चार दिवस मी एक दुरुस्त करायचो, काही फरक पडायचा नाही, मग ती परत बिघडवून दुसरीकडे वळायचो.

किल्ल्यात राजा, पण राजा किल्ल्यात नाही

राजाची चूक बघून स्वतःचीच कीव आली. मी "ऑब्जेक्ट या क्षेत्रात आणा" ही कंडिशन घेतली आणि क्षेत्र आखलं ते बरोबर कॅसलच्या पायाएवढं, चार बाय चार टाइलचं. अगदी नेटकं. त्या सोळा टाइलवर कॅसल उभा आहे. तिथे राजा पाय कुठे ठेवणार? इमारतीच्या पायाखालच्या जागेत कुणी उभं राहू शकत नाही, तेव्हा ती कंडिशन जन्मात खरी होणार नव्हती.

भाच्याचा यावर बिनतोड सवाल: "पण मी राजाला कॅसलच्या आत घातला होता ना!" घातला होता. पण आत शिरलेला माणूस नकाशावर उभा नसतो, आणि क्षेत्राच्या कंडिशन नकाशावर उभी असलेली माणसं शोधतात. आत किती जण आहेत ते विचारायला "युनिट्स गॅरिसन्ड" अशी वेगळी कंडिशन आहे. मी शेवटी तटाच्या आतलं सगळं अंगण मोठ्या चौकोनात घेतलं आणि गोष्ट अशी बदलली की राजा दरवाजातून आत आला की पुरे. क्षेत्र आखताना हात सैल सोडावा. एक-दोन टाइल जास्त गेल्या तर बिघडत नाही, कमी पडल्या की रात्र जाते.

उलट बाजूचाही धोका आहे. इफेक्टमध्ये क्षेत्र आखायचंच राहिलं आणि विशिष्ट युनिटही निवडलं नाही, तर तो इफेक्ट त्या खेळाडूच्या सगळ्या नकाशावर लागू होतो. घाटातले चार मेलेले पहारेकरी हटवायला मी "रिमूव्ह ऑब्जेक्ट" लावला आणि अख्खी देवगिरी एका क्षणात पुसली गेली. तटबंदी, मंदिर, गुरं, सगळं.

तोच स्वार, पण नाव बदललेला

आता दुसरी कंडिशन: दहा लाइट कॅव्हलरी. टेस्टमध्ये दरवाजासमोर तीस स्वार डोळ्यांनी दिसत होते, तरी दिवा नाही. या गाठीनं मला सगळ्यांत जास्त छळलं, आणि मला वाटतं सगळ्यांनाच हीच छळते.

एका स्वारावर क्लिक केलं तेव्हा उजेड पडला. खाली नाव होतं हुसार. अलाउद्दीनच्या छावणीत मी शोभेला तबेला ठेवला होता, त्याला अन्नधान्य दिलं होतं आणि तो संगणक खेळवत होता. संगणकानं शहाण्यासारखं संशोधन केलं आणि लाइट कॅव्हलरीचे हुसार झाले. आपल्याला तो तोच घोडा, तोच माणूस. गेमच्या लेखी युनिटचा प्रकारच बदलला. कंडिशन बिचारी लाइट कॅव्हलरी मोजत बसली: शून्य.

हा प्रकार बदलण्याचा खेळ एडिटरमध्ये जागोजागी दडलाय. मंक (साधू) पवित्र अवशेष उचलतो तेव्हा तो "अवशेष घेतलेला मंक" या वेगळ्या प्रकारात जातो, मग मंक मोजणारी कंडिशन त्याला ओळखत नाही. गावकरी पुरुष आणि गावकरी स्त्री हे दोन प्रकार, आणि लाकूड तोडायला लागले, शेतात गेले, बांधकामाला लागले की पुन्हा वेगळे. ट्रेब्युशे हे दगड फेकून भिंती फोडणारं यंत्र गुंडाळलेलं वेगळं, उभारलेलं वेगळं.

ट्रेब्युशेची गंमत सांगतोच. १२९६ ची स्वारी घोडदळाची, भरधाव येऊन लूट घेऊन जाण्याची. अवजड यंत्रं ओढत आणायला अलाउद्दीनकडे वेळ कुठला? पण भाच्याला भिंती फुटताना बघायच्या होत्या, म्हणून तीन ठेवली, आणि उद्दिष्ट दिलं: तिन्ही यंत्रं नष्ट करा. कंडिशन अशी की खेळाडू २ कडे शून्य ट्रेब्युशे उरली की विजय. यादीतून पहिलं दिसलं ते ट्रेब्युशे निवडलं, म्हणजे उभारलेलं. नकाशावर ठेवलेली तिन्ही होती गुंडाळलेली. गेम सुरू झाला, पहिल्याच सेकंदाला उभारलेली ट्रेब्युशे शून्य भरली आणि पडद्यावर विजय. भाचा खुर्चीत नीट बसलाही नव्हता. उपाय साधा आहे, दोन कंडिशन लावायच्या: उभारलेली शून्य आणि गुंडाळलेलीही शून्य.

स्वारांसाठी दोन रस्ते होते. एडिटरच्या ऑप्शन्समध्ये त्या खेळाडूचं हुसारचं संशोधन बंद करता येतं. किंवा कंडिशनमध्ये विशिष्ट युनिट न निवडता प्रकार "मिलिटरी" एवढाच ठेवायचा, मग कोणताही लढवय्या मोजला जातो. मी दुसरा घेतला. नाहीतरी दरवाजासमोर दहा शत्रू आहेत एवढंच मला हवं होतं, त्यांच्या घोड्याची जात कशाला विचारा.

याच्याच शेजारची एक फसवणूक म्हणजे नाव. इतिहासकार इसामी सांगतो की देवगिरीच्या वाटेवर कान्हा नावाच्या यादव अधिकाऱ्यानं आणि दोन लढवय्या स्त्रियांनी अलाउद्दीनला अडवलं होतं. हे मला काही केल्या सोडवेना. एडिटरमध्ये घोड्यावरची स्त्री हवी म्हणून जोन ऑफ आर्क घेतली, दोनदा ठेवली आणि नाव बदलण्याच्या इफेक्टनं दोघींना मराठी नावं दिली. छान दिसतात. पण नाव हा नुसता बिल्ला आहे. कंडिशनच्या यादीत त्यांना शोधायचं तर जोन ऑफ आर्क म्हणूनच शोधावं लागतं.

टायमर कधीपासून मोजतो?

आता तिन्ही दिवे लागले आणि शंकरदेव आला. पण भलत्याच वेळी: राजा दरवाजातून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच मुलगा हजर. मला हवं होतं की वेढा पडावा, पोती उघडावीत, मीठ निघावं, तोंडचं पाणी पळावं आणि मग पाच मिनिटांनी तो यावा.

टायमर ट्रिगर चालू होतो तेव्हापासून मोजतो. माझा ट्रिगर सुरुवातीपासूनच चालू होता, म्हणजे टायमर गेमच्या पहिल्या सेकंदापासून पळत होता. ३०० सेकंद केव्हाच होऊन गेले होते, आणि एकदा झाला की तो खराच राहतो. तो फक्त राजाची वाट बघत होता. म्हणून असा ट्रिगर सुरुवातीला बंद ठेवायचा आणि आधीच्या घटनेच्या ट्रिगरमध्ये "ॲक्टिव्हेट ट्रिगर" टाकून त्याला उठवायचं. मिठाचा ट्रिगर सुटला की तो शंकरदेवाच्या ट्रिगरला उठवतो आणि तिथून ३०० मोजायला सुरुवात होते.

हे केलंत की लगेच उलटी चूक होते, माझी झालीच: बंद ठेवलेल्या ट्रिगरला कुणी उठवतच नाही. दिवा लागत नसेल तर कंडिशनकडे जाण्याआधी बघा की याला उठवणारा कोण. विशेषतः ट्रिगरची प्रत काढून दुसरा बनवला असेल तेव्हा. त्या दोन स्त्रियांसाठी मी एक साखळी बनवली, तिची प्रत काढली, नाव बदललं. प्रतीतला "ॲक्टिव्हेट" अजून पहिलीच्याच ट्रिगरकडे बोट दाखवत होता. दुसरी बाई घाटात घोड्यावर बसून राहिली, लढाई संपेपर्यंत.

आणि ते ३०० सेकंद भिंतीवरच्या घड्याळाचे नव्हेत, गेमचे. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये नेहमीचा वेग १.७ आहे, त्यामुळे ३०० सेकंद खऱ्या तीन मिनिटांच्या आतच उडून जातात, साधारण १७६ सेकंदांत. "पाच मिनिटं तग धरा" असं उद्दिष्टात लिहिलं होतं. खेळणारा घड्याळ बघणारा निघाला तर लगेच पकडेल. भाच्यानं पकडलं.

मधेच एक: जुना सेव्ह

एका दुपारी मी पाच वेळा दुरुस्ती केली आणि पाचही वेळा काही बदललं नाही. कारण भाच्यानं वेळ वाचवायला वेढ्याच्या तोंडाशी गेम सेव्ह करून ठेवला होता आणि दरवेळी तोच उघडत होता. सेव्ह केलेल्या गेममध्ये सेव्ह करतानाचे ट्रिगर असतात. एडिटरमध्ये नंतर काहीही करा, त्याच्यापर्यंत पोचत नाही. दरवेळी सिनारिओ पहिल्यापासून सुरू करा. कंटाळा येत असेल तर टायमर तात्पुरते ३०० चे १० करा. नकाशा उघडा दिसावा म्हणून मार्को आणि पोलो ही दोन चीट टाइप करा, पहिल्यानं नकाशा उघडतो, दुसऱ्यानं आपली माणसं जवळ नसलेल्या भागावरचं धुकं जातं.

आला, पण हलेना

शंकरदेवाची फौज उत्तरेच्या कोपऱ्यात उगवली आणि तिथेच थरथरत उभी राहिली. थरथरत हा शब्द जपून वापरतोय. प्रत्येक घोडा अर्धं पाऊल पुढे टाकायचा, थबकायचा, पुन्हा अर्धं पाऊल. समोर शत्रू आला तरी तलवार उचलेना.

दिवा लागत होता. नुसता लागत नव्हता, चॅटची रांग लागली होती: "११ सुटला, ११ सुटला, ११ सुटला". कूच करण्याच्या ट्रिगरवर लूपिंगची खूण राहिली होती. लूपिंग ट्रिगर कंडिशन खऱ्या असेपर्यंत सुटतच राहतो, जवळजवळ दर सेकंदाला, आणि दरवेळी "टास्क ऑब्जेक्ट" नवा हुकूम देतो: तिकडे जा. आधीचा हुकूम अर्धवट सोडून घोडा नव्यानं निघतो. कानाशी सारखं "चल, चल" म्हणणाऱ्या माणसासोबत चालून बघा, तुम्हीही अडखळाल. लूपिंग काढा. खरंच हवं असेल, म्हणजे मागून नवी माणसं येत असतील, तर त्यात पंधरा-वीस सेकंदांचा टायमर टाका. लूपमध्ये टायमर प्रत्येक फेरीनंतर पुन्हा शून्यापासून मोजतो. आणि वाटेत लढत जायचं असेल तर "टास्क"ऐवजी "अटॅक मूव्ह" घ्या.

लूपिंग काढलं. आता फौज चालायला लागली आणि अर्ध्या वाटेत तिचे तीन तुकडे झाले. एक किल्ल्याकडे, एक नदीकडे, दोन घोडे नकाशाच्या कडेनं फेरफटका मारायला. खेळाडू ३ ला मी नेहमीचा संगणक-मेंदू दिला होता. त्याच्या हाती आयते वीस-पंचवीस स्वार पडले, तो कशाला सोडेल? ट्रिगरचा हुकूम एकदाच मिळतो, संगणकाचा मेंदू सतत चालतो, तेव्हा अशा झटापटीत शेवटी जिंकतो तोच. ज्या खेळाडूची फौज पूर्णपणे गोष्टीप्रमाणे हलायला हवी त्याला काहीही न करणारा एआय द्यायचा: एका ओळीचा नियम, "काही करू नको आणि मग स्वतः बंद हो". अलाउद्दीनला खरा मेंदू ठेवा, त्याच्याशी खेळाडूला झुंजायचंय. शंकरदेव आणि नुसरत यांच्या डोक्यात मात्र काही नकोच.

ट्रिगरनं निर्माण केलेल्या युनिटला एडिटरमध्ये आधीच बोट दाखवून निवडता येत नाही, हे नव्या माणसाला उशिरा कळतं. ते अजून जन्मलेलंच नसतं, निवडणार कसं? जिथे ते उगवणार ती जागा क्षेत्र म्हणून आखायची, खेळाडू आणि प्रकार सांगायचा आणि हुकूम द्यायचा. मी जन्म एका ट्रिगरमध्ये आणि कूच दुसऱ्यात, दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवतो. उगवण्याची जागा मोकळी असू द्या. माझ्या कोपऱ्यात शोभेची झाडं दाट होती आणि पंचवीसपैकी अकराच स्वार जन्माला आले.

बापाच्या किल्ल्यावर चाल करून गेला त्याचं कारण मात्र दोन मिनिटांत सापडलं. मैत्री दोन्ही बाजूंनी वेगवेगळी लावावी लागते. रामदेवाचा शंकरदेव मित्र, हे मी लावलं होतं. शंकरदेवाचा रामदेव मित्र, हे लावायचं राहिलं होतं. बाप-लेकांचं तसं इतिहासातही फार पटलेलं दिसत नाही, तरी इतकं नव्हे.

मीठ आणि नुसरत

मिठासाठी "मॉडिफाय रिसोर्स" वापरलं: सुरुवातीला अन्न २००० दिसतं, वेढ्याच्या दोनशेव्या सेकंदाला शून्य होतं. पहिल्यांदा काहीच झालं नाही, दिवा लागूनही. कारण इफेक्टमध्ये क्रिया निवडावी लागते: ठेवा, मिळवा, वजा करा. माझ्याकडे "मिळवा" होतं. दोन हजारांत शून्य मिळवलं. गेमनं इमानेइतबारे ते केलं. या ट्रिगरवरही लूपिंग राहिलं असतं तर किल्ल्यातल्या शेतांचं धान्यही दर सेकंदाला मीठ झालं असतं, तेवढं नशिबानं वाचलं.

नुसरतचा घोळ वेगळा. खेळाडू ४ चं सुरुवातीला नकाशावर काहीच नव्हतं, त्याचे वीस स्वार ऐनवेळी निर्माण होणार होते. गेम सुरू होताच संदेश आला की खेळाडू ४ हरला. ज्याच्याकडे काहीच नाही तो खेळात नाही, असा हिशेब. मी त्याचा एक पहारेकरी नकाशाच्या कोपऱ्यात चहूबाजूंनी डोंगरात कोंडून ठेवला. तो बिचारा तिथे अजून उभा आहे.

शेवटचा ट्रिगर पळापळीचा. नुसरतचे निदान पंधरा स्वार रणांगणाच्या चौकोनात आले, की चॅट: "दिल्लीची फौज आली!" मग शंकरदेवाच्या सगळ्या स्वारांचा पवित्रा "हल्ला नको" असा बदलायचा आणि त्यांना उत्तरेकडे टास्क करायचं. क्रम महत्त्वाचा. आधी टास्क आणि मग पवित्रा असं लावलं होतं तेव्हा निम्मे स्वार जागीच घुटमळले.

भाऊबीजेच्या रात्री भाच्यानं तो पूर्ण खेळला. नुसरत आला, चॅट आला, शंकरदेवाची फौज वळली. आणि हा ओरडला, "मामा, ही तर वीसच माणसं आहेत! पळतात कशाला?" त्याला वीस दिसली कारण मार्को-पोलो टाइप केलेलं होतं. मी ते बंद करून पहिल्यापासून खेळायला लावलं. बारा वाजत आले होते, ताई आतून दोनदा झोपा म्हणाली.

या वेळी धुकं होतं. किल्ल्याबाहेर त्याचे स्वतःचे तीस-चाळीस स्वार शंकरदेवाच्या बरोबरीनं लढत होते. पूर्वेच्या काळोखातून चार-पाच घोडी डोकावली, पडद्यावर "दिल्लीची फौज आली!" उमटलं आणि शंकरदेव वळला. भाच्यानं क्षणभर बघितलं, मग आपले सगळे स्वार माउसनं भराभर गोळा केले आणि दरवाजाकडे पिटाळले. खेळाडू १ साठी मी तसा कुठलाही ट्रिगर लिहिलेला नव्हता.